कुत्रा कंपाउंडमधून सारखा पळून जातो, भिंत वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या बाहेर बंगला आहे, कंपाउंडची भिंत साडेचार फूट, पुढे सरकतं गेट. कुत्रा दोन वर्षांचा नर, लॅब आणि गावठीचं मिश्रण, नसबंदी झालेली नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा पळतो आणि साखळीने बांधला की रात्रभर ओरडतो. म्हणून भिंत दोन फूट वाढवावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

गवंड्याला इतक्यात बोलावू नका. तो कुठून जातो आणि कशासाठी जातो, हे कळल्याशिवाय केलेला खर्च बहुतेक वाया जातो. साडेचार फुटी भिंत बघून आपण धरून चालतो की तो उडी मारून जातो, पण पुष्कळ कुत्री गेटखालून जातात.

सगळ्यात आधी साखळीचं. भिंतीजवळ बांधलेला कुत्रा साखळीसकट पलीकडे उडी मारतो आणि साखळी अपुरी पडली की गळफास लागून लटकतो. अशी कुत्री मरतात, आणि काही मिनिटांत मरतात. बांधायचंच असेल तर भिंत, जिना, ओटा, गाडी यांपासून इतकं लांब की साखळी पूर्ण ताणूनही तो तिथे पोचणार नाही. तेही थोडा वेळ, कुणीतरी लक्ष ठेवून. रोजचा उपाय म्हणून साखळी नकोच. बांधलेल्या कुत्र्याची शक्ती आणि चिडचिड साठत जाते आणि सुटल्याबरोबर तो आणखी जोरात पळतो.

वाट शोधायला एक दिवस पुरतो. सकाळी भिंतीच्या आतून कडेने, गेटखाली आणि पाणी जाण्याच्या भोकापाशी रांगोळी भुरभुरा. चुना वापरू नका, पंजे भाजतात. संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, ठसे बघा. भिंतीचा रंगही नीट बघा. तीन-साडेतीन फुटांवर नखांचे उभे ओरखडे असतील तर तो उडी मारून जात नाही, चढून जातो: पुढचे पंजे भिंतीच्या माथ्यावर अडकवतो आणि मागच्या पायांनी रेटा देतो. माथ्यावर पंजाचे डाग आहेत पण खाली ओरखडा नाही, तर तो कशावर तरी चढून तिथे पोचतोय. धुण्याचा दगड, पाण्याची टाकी, लाकडाचा ढीग, बाहेरचा जिना, उभी केलेली स्कूटर, सगळं तपासा. हलवता येईल ते भिंतीपासून पाच-सहा फूट आत घ्या. जाळीच्या टोकाला अडकलेले चार केससुद्धा जागा दाखवतात.

आता गेट. सरकत्या गेटखाली चाक आणि रुळामुळे दोन-तीन इंच फट राहतेच. अंगणाला उतार असेल तर एका टोकाला ती सहा-सात इंच होते, आणि सडपातळ कुत्रा पोट टेकवून तेवढ्यातून सरकतो. जिथून डोकं जातं तिथून अशा कुत्र्याचं अंगही बहुधा जातं. गजांमधल्या फटींनाही हेच लागू. फट मोजताना गेट हाताने बाहेर ढकलून मोजा, कारण कुत्रा तेच करतो. जुन्या गेटला वरचे रोलर झिजल्यावर खालून चांगलाच झोल पडतो. उपाय स्वस्त आहे. भंगार बाजारात कन्व्हेयर बेल्टचा जुना रबरी पट्टा मिळतो. त्याची आठ-नऊ इंच रुंद पट्टी कापून गेटच्या खालच्या पट्टीला दर फुटावर नटबोल्टने आवळा, वरून लोखंडी चपटी पट्टी घेऊन, म्हणजे रबर फाटणार नाही. पट्टी जमिनीला जेमतेम घासली पाहिजे. पातळ रबर किंवा जुनी सतरंजी लावू नका, नाकाने उचलली जाते. उतार जास्त असेल तर गेटच्या रेषेत तीन-चार इंच उंच काँक्रीटचा उंबरा घालून घ्या, सिमेंट, वाळू, खडी यांचा १:२:४ चा माल पुरतो. मध्ये पाण्याला दोन इंचाची खाच ठेवा, नाहीतर जुलैत अंगणात तळं होईल.

गेटमधून रस्ता दिसत असेल तर खालचे साडेतीन-चार फूट झाका. जाणारं कुत्रं, मांजर, डिलिव्हरीची गाडी दिसली की तो उसळतो. दिसलं नाही की निम्मं उसळणं थांबतं. सलग पत्रा मात्र वाऱ्याला शिडासारखा वागतो आणि रोलर खिळखिळे करतो. भोकं असलेला पत्रा घ्या. हिरवी शेडनेट दोन दिवसांत फाडून टाकेल.

कडीकडेही बघा. आडवी सरकणारी कडी कुत्रा नाकाने सरकवायला शिकतो. कडीच्या भोकातून स्प्रिंगचा हुक, म्हणजे कॅराबिनर, अडकवला की प्रश्न मिटतो, शिवाय कुलपासारखी किल्ली शोधावी लागत नाही. पण माणसं गेट उघडं टाकतात तिथे कडी काय करणार? दूधवाला, कचरागाडी, शाळेतून आलेली मुलं. यावर खरा इलाज दुसरं गेट: मुख्य गेटच्या आत चार-पाच फुटांवर, चार फूट उंच, आपोआप मिटणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागऱ्यांवर. ते अंगणाच्या बाजूला उघडणारं हवं, म्हणजे कुत्र्याने आतून ढकललं तर ते मिटतंच. ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे असं माझं मत आहे, आणि भिंत वाढवण्याच्या पैशांत ती सहसा बसते. गाडी आत घेताना मात्र दोन्ही गेटं उघडावी लागतात, तेव्हा कुत्रा घरात.

भिंतीवरून जातोय असं रांगोळीने सिद्ध झालं, तरच भिंतीला हात लावा. आज सहा इंच, पुढच्या महिन्यात आणखी सहा, असं कधीही करू नका. अशाने तुम्ही त्याला पायरी-पायरीने उंच उडी शिकवता. जे करायचं ते एकदम करा, आणि काम पूर्ण होईपर्यंत त्याला अंगणात एकटा सोडू नका.

चढून जाणाऱ्यासाठी उंचीपेक्षा माथ्यावर पकड न मिळणं महत्त्वाचं. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पाच-पाच फुटांचे तुकडे करून घ्या, प्रत्येकात ४० मिलिमीटरचा पाइप मोकळा घाला आणि सगळ्यातून तारेचा दोर ओवा. दर पाच फुटांवर एल आकाराचा ब्रॅकेट आणि एका टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून दोर ताणायचा पेच, लावून दोर ताणून घ्या. पंजा पडला की बाहेरचा पाइप गरगर फिरतो आणि तो आतच खाली येतो. यात हमखास होणारी चूक म्हणजे पाइप भिंतीच्या मधोमध बसवणं. नऊ इंची भिंतीचा माथा रुंद असतो, पाइपच्या अलीकडे त्याला पंजा टेकवायला तीन इंच जागा मिळते आणि सगळी मेहनत फुकट जाते. पाइप आतल्या कडेच्याही किंचित पुढे, अंगणाकडे आलेला हवा. पाइप आणि भिंत यांत इंचापेक्षा जास्त फट नको, पंजा अडकून नख उखडतं. दोर दर पावसाळ्यानंतर पुन्हा ताणा. उन्हात पीव्हीसी ठिसूळ होतं, तडा दिसला की तो तुकडा बदला.

भिंतीला अंगही न लावता साफ उडी मारणारा असेल तर पाइप कामाचा नाही. तिथे दोन फुटांचे लोखंडी अँगल आतल्या बाजूला ४५ अंशांत वाकवून दर सहा फुटांवर बसवा आणि त्यावर दोन बाय दोन इंचाची वेल्डमेश जाळी लावा. वर बघितल्यावर त्याला डोक्यावर छप्पर दिसतं आणि उडीचा अंदाज बांधता येत नाही. रस्त्याकडच्या भिंतीच्या उंचीला नियमांची मर्यादा असते, ते आधी पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. काटेरी तार आणि काचा अजिबात नकोत. त्यांनी कुत्रा थांबत नाही, पोट फाटतं. आणि घरच्या विजेचा करंट तारेत सोडायचा विचार मनातही आणू नका. बेकायदा आहे, आणि त्याने माणसं मरतात. गळ्यातल्या पट्ट्यातून झटका देणाऱ्या अदृश्य कुंपणाचीही मी शिफारस करणार नाही. पेटलेला कुत्रा एक झटका सोसून बाहेर पडतो, मग तोच झटका खावा लागेल म्हणून परत आत येत नाही. शिवाय बाहेरची कुत्री त्यातून खुशाल आत येतात.

मागच्या बाजूला तारेची जाळी असेल तर खालची कड हाताने उचलून बघा. सहज उचलली जात असेल तर खालून जाडसर तार ओवून ती खांबांना ताणून बांधा. माती उकरून जात असेल तर अडीच फूट रुंद जाळी एल आकारात वाकवा: एक फूट कुंपणाला उभी बांधायची, दीड फूट आत जमिनीवर आडवी. दर दीड-दोन फुटांवर सळईचे यू आकाराचे आकडे ठोका आणि वर तीन इंच माती घाला. कुत्रा नेहमी कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो. जाळी पुरलीय तिथेच तो स्वतः उभा असतो, त्यामुळे मागे सरून लांबून उकरायचं त्याला सुचत नाही. कापलेल्या तारांची टोकं खाली वळवा. सावलीत, नळापाशी, आंब्याखाली उकरत असेल तर तो पळायचा प्रयत्न नाही, उन्हाळ्यात त्याला गार माती हवी असते. तिथे त्याला चार बाय चार फुटांचा वाळूचा खड्डा द्या. पाण्याच्या भोकाला काढता-घालता येणारी जाळी बसवा. पक्की बसवली तर पाल्याने तुंबते.

आता कशासाठी. दोन वर्षांचा, नसबंदी न झालेला नर म्हटल्यावर पहिला संशय माजावर आलेल्या कुत्रीचा. एका कुत्रीचा माज साधारण तीन आठवडे टिकतो आणि तिचा वास लांबवरून येतो. भाद्रपदाच्या सुमारास गल्लीत हे जास्त दिसतं, तेव्हा पळणं वाढतं का ते आठवून बघा. नसबंदीने बऱ्याच नरांचं भटकणं कमी होतं, पण लगेच नाही. हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतर महिनाभर तो पिल्लं जन्माला घालू शकतो असं धरून चाला. पळण्याची पडलेली सवय मात्र शस्त्रक्रियेने जात नाही, म्हणून गेट आणि भिंतीचं काम चुकत नाही.

फक्त तुम्ही घराबाहेर गेल्यावरच पळत असेल, दारं ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. अशा कुत्र्याला भिंती वाढवून कोंडलं तर तो दात आणि नखं मोडून घेतो. पशुवैद्यकाला दाखवा, यावर औषध आणि सराव दोन्ही आहेत. फटाके, ढोल यांना घाबरून पळत असेल तर दिवाळी-विसर्जनाच्या दिवसांत अंगण बंद. खिडक्या लावलेली आतली खोली, पंखा सुरू, जवळ माणूस. औषध लागणार असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांशी बोला, माणसांच्या झोपेच्या गोळ्या देऊ नका.

यातलं काही नसेल तर तो कंटाळलाय. मोठं अंगण म्हणजे व्यायाम नव्हे, रोज बघितलेल्या जागेत त्याला नवं काही मिळत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा ते पाऊण तास पट्ट्याने फिरवा आणि त्यातला बराच वेळ त्याला मनसोक्त हुंगू द्या. वाटीत घालण्याऐवजी भाकरीचे तुकडे कधी गवतात विखरून टाका, शोधण्यात वीस मिनिटं जातात.

यासोबत गेटपाशी 'थांब' शिकवा, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं. पट्टा हातात ठेवून गेट दोन इंच सरकवा. तो उठला तर लगेच बंद करा, नाक सांभाळून. बसून राहिला तर खाऊ. मग सहा इंच, एक फूट, पूर्ण उघडं, मग बाहेरून कुणी चालत जाताना. पूर्ण उघड्या गेटपर्यंत यायला दोन-तीन आठवडे धरा.

पळालाच तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेला पळत हाक मारा, किंवा खाली बसून खाऊची पिशवी वाजवा. परत आल्यावर मारू नका. त्याच्या लेखी तो मार पळण्याचा नसतो, परत येण्याचा असतो. अंगावर चावा दिसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. गळपट्ट्यावर फोन नंबर शिवून घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. मायक्रोचिपही बसवा, पण तिचा १५ अंकी क्रमांक तुमच्या चालू फोन नंबरसह नोंदवलेला असेल तरच तिचा उपयोग.

तुमच्या भागात बिबट्या येतो. उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या खाण्यात पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा वाटा मोठा असतो आणि साडेचार काय, सात फुटांची भिंतही तो सहज ओलांडतो. त्यामुळे अंधार पडल्यावर कुत्रा अंगणात नकोच, बांधलेला तर नकोच. घरात किंवा वरून बंद असलेल्या पक्क्या खोलीत घ्या. तुम्ही म्हणता तो रात्रभर ओरडतो, त्याचं कारण हेही असू शकतं: भिंतीपलीकडचा वास त्याला येतो आणि साखळीमुळे त्याला कुठे जाता येत नाही. आज रात्रीच त्याला आत घेऊन बघा.