मानसिक आजार असलेल्या माणसाच्या हातून खून झाला, तर कोर्ट त्याला सोडतं का?

तुमच्या मावसभावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याच्या हातून बायकोचा खून झाला, आणि कारेलीबागच्या मेंटल हॉस्पिटलची फाइल दाखवली की तो सुटेल का, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्याच्या सेशन्स कोर्टात फौजदारी केसेस चालवतो. नुसत्या फाइलवर सुटका होत नाही. तरी ती जिवापाड जपा, पुढचं सगळं तिच्यावरच उभं राहणार आहे.

पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 84, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम 22, आजार होता का एवढ्यावर थांबत नाही. घाव घालताना आपण काय करतोय, किंवा हे चुकीचं वा बेकायदा आहे, हे समजण्याची शक्तीच मनोविकारामुळे गेली होती का, हे कोर्ट बघतं. म्हणून घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं तपासतात.

दाह्याभाई ठक्कर हा आपल्या गुजरातचाच खटला, सुप्रीम कोर्ट, 1964. बायकोवर चाकूचे 44 घाव होते. कोर्टाने सांगितलं की वेड सिद्ध करायचा भार आरोपीवर असला तरी तो दिवाणी दाव्याइतकाच, म्हणजे ‘तसं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दाखवलं की पुरे; आणि तेवढं जमलं नाही, पण आरोपीच्या हेतूबद्दल वाजवी शंका निर्माण झाली, तरी त्याचा फायदा त्यालाच. दाह्याभाईंचं अपील मात्र फेटाळलं गेलं. उलट 2002 साली महाराष्ट्रातला एक पोलीस शिपाई सुटला. त्यानेही बायकोलाच मारलं होतं, डोक्यात दगड घालून, दिवसाढवळ्या. पण तो पळाला नाही, काही लपवलं नाही. 1992 पासून उपचार चालू होते, वडिलांनाही मानसिक आजार होता, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला 25 वेळा उपचारांसाठी न्यावं लागलं होतं.

असा पुरावा घरच्यांकडेच असतो आणि घरचेच तो दडपतात, याचं मला फार वाईट वाटतं. बहिणीचं लग्न अडेल म्हणून केस पेपर फाडतात, शेजाऱ्यांना सांगतात ‘जरा तापट आहे’. आता लाज सोडा. औषधांची बिलं शोधा. गोळ्या कधी बंद झाल्या ते लिहून काढा. बाहेरचं झालंय म्हणून उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात नेलं असेल तर तेही वकिलांना सांगा. सोबत गेलेला माणूस साक्षीदार होऊ शकतो. मात्र कोणालाही पढवू नका.

तपास अधिकाऱ्याला आजाराचा इतिहास आजच लेखी द्या आणि पोच घ्या. असा इतिहास कळूनही पोलिसांनी आरोपीची वैद्यकीय तपासणी केली नाही, तर सरकारी बाजू कमकुवत होते, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं आहे.

आज तो खटला समजण्याच्या स्थितीत नसेल तर तसा वेगळा अर्ज करावा लागतो. तेव्हा खटला थांबतो, संपत नाही.

आणि सुटला तरी तो थेट घरी येणार नाही. कृत्य त्यानेच केलं, हे निकालात लिहिलं जातं. मग कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतं, किंवा जबाबदारी आणि हमी घेणाऱ्या नातेवाइकाकडे सोपवतं. तुमच्यापैकी ती कोण घेणार, हे घरात बसून आत्ताच ठरवा, आणि त्या मुलीच्या आईवडिलांशी याबद्दल कोण बोलणार तेही.