तालमीच्या मांडवात रसायनशास्त्र

प्रश्न : आमच्या तालमीला गणपतीत मुलांसाठी रसायनशास्त्राचे प्रयोग ठेवायचेत. गेल्या वर्षी एकानं जाळाचा खेळ केला, पोरं पळाली आणि बायकांनी वर्गणीच थांबवली. काय दाखवावं?
– एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : बायकांचं बरोबरच आहे. मांडवात कापड, तेलाचे दिवे, त्यात तुम्ही स्पिरिट घेऊन उभे! तीस वर्षं शाळेत प्रयोगशाळा सांभाळली, आणि जाळाचा प्रयोग मी कधी मैदानाबाहेर केला नाही.

हळदीनं सुरुवात करा. पांढरं सुती फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. ओल्या साबणाच्या वडीनं त्यावर मुलाला स्वतःचं नाव लिहू द्या. अक्षरं तांबडी उमटतात. लिंबू पिळलं की परत पिवळी. मग सांगा, अंबाबाईच्या दारी वाहिलं जाणारं कुंकू पूर्वी हळदीला चुना लावूनच करत. आज्या लगेच पुढं सरकतात, माझा अनुभव आहे. (बाजारातल्या बऱ्याच कुंकवात आता रंगच असतो, ते हळूच सांगा.)

दुसरं टेबल गुळाचं. गुऱ्हाळावरचा एखादा गुळव्या बोलवा. रसात चुना घातल्यानं आंबटपणा कमी होतो नि ढेप नीट बसते. भेंडीच्या चिकात गाळ अडकून मळी वर येते. हे तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. त्याला मानाचा फेटा बांधा, वक्ता म्हणून.

चुन्याला पोरांचा हात लागू देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट. बाकी खर्च शंभर रुपयांच्या आसपास. वर्गणी मागायला पुन्हा त्याच बायकांकडे जा.