नेटवर्क तुटणार हे धरूनच सिंक बसवा

पाच रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचे छोटे कॉम्प्युटर), त्यांच्यातल्या फाइल्स सारख्या ठेवायचं म्हणजे सिंकचं काम, मधूनमधून जाणारं वायफाय, अर्धवट पोचलेल्या फाइल्स आणि एकदा तर जुन्या फाइलनं नवी पुसली, असं तुम्ही लिहिलंय. यात दोन अडचणी आहेत. अर्धवट फाइल्सचं सोपं आहे. जुनीनं नवी पुसण्याचा प्रकार मात्र नेटवर्क कितीही सुधारलं तरी थांबणार नाही, म्हणून आधी तो घेतो.

कागदावर प्रत्येक फोल्डर मांडा आणि त्यापुढे लिहा: यात लिहिणारं मशीन कोणतं? उत्तर एकच यायला हवं. सेन्सरच्या नोंदी असतील तर प्रत्येक पायनं स्वतःच्या नावाच्या फोल्डरमध्ये, रोजची वेगळी फाइल करून लिहावं. बाकीच्यांनी ती फक्त वाचावी. सेटिंगच्या फाइल्स एकाच ठिकाणी बदलाव्यात आणि तिथून सगळीकडे जाव्यात. एवढं केलं की नेट चार तास गेलं काय नि चार दिवस, भांडायला दुसरी प्रतच नसते. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि लोक नेमकं हेच सोडून थेट टूल निवडायला बसतात.

आरसिंकला (फाइल्स एका मशीनवरून दुसरीकडे नेणारी कमांड) 'अपडेट' पर्याय (पलीकडची फाइल नवी असेल तर तिला हात न लावणारा) देऊन दोन्ही दिशांनी चालवत असाल तर ते आजच बंद करा. तो पर्याय फक्त तारीख-वेळ बघतो, आणि पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. (पाय ५ वर आहे, पण बॅटरी वेगळी जोडावी लागते.) वीज जाऊन आली आणि नेट नसेल तर मशीन मागची वेळ धरून कामाला लागतं. त्या अवस्थेत बदललेली फाइल 'जुनी' ठरते आणि पुढे तीच पुसली जाते. ज्या फाइल्स खरोखरच दोन ठिकाणी बदलतात, त्यांच्यासाठी सिंकथिंग हे मशीन-मशीनमधले फोल्डर जुळते ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा. दोन्हीकडे बदल झालाय हे ते घड्याळावर विसंबून ठरवत नाही. टक्कर झाली की एक प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' अशा नावानं बाजूला ठेवतं. मूळ नाव कुठल्या प्रतीला मिळेल हे मात्र वेळेवरूनच ठरतं, म्हणून त्या बाजूच्या प्रती उघडून बघायची सवय लावा.

आता अर्धवट फाइल्स. आरसिंक एरवी तात्पुरत्या नावानं फाइल लिहितं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं. पण तुम्ही 'पार्शल' (अर्धी आलेली फाइल न पुसता ठेवणारा पर्याय) दिलाय. त्यामुळे लाइन तुटली की अर्धी फाइलच खऱ्या नावानं बसते आणि तुमचा प्रोग्रॅम ती पूर्ण समजून वाचतो. त्याऐवजी 'पार्शल-डिर' द्या: अर्धा तुकडा वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो आणि पुढच्या खेपेला त्याचा उपयोगही होतो. 'टाइमआउट'ही (काही हालचाल नसेल तर किती वेळानं थांबायचं ते) द्या, कारण मूळ सेटिंगमध्ये तो नसतोच आणि मेलेल्या कनेक्शनवर आरसिंक ताटकळत राहू शकतं. क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी नवं आरसिंक सोडत असेल, तर ती एकमेकांवर चढू नयेत म्हणून 'एफलॉक' लावा.

'डिलीट'बद्दल, म्हणजे मूळ ठिकाणी नसलेलं पलीकडूनही पुसणाऱ्या आरसिंकच्या पर्यायाबद्दल, कळकळीनं सांगतो. मूळ मशीनवरची यूएसबी डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नाही, तर तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसतो, आणि आरसिंक इमानेइतबारे पलीकडचंही सगळं रिकामं करतं. डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवा. ती दिसली तरच स्क्रिप्ट पुढे जाऊ द्या. सिंकथिंग स्वतःच अशी खूण ठेवतं आणि ती नसेल तर तो फोल्डर थांबवतं.

चालू एसक्यूलाइट डेटाबेस मात्र कशानंच सिंक करू नका. त्याच्याच बॅकअप कमांडनं प्रत काढा आणि ती पाठवा.

सगळं बसलं की मोठी फाइल जात असताना मुद्दाम वायफाय बंद करा, पायची वीजही काढा. मग पुन्हा जोडा, सिंक पुरं होऊ द्या आणि आरसिंक 'चेकसम' (फाइलचा आतला मजकूर ताडणारा), 'ड्राय-रन' (काही न बदलता नुसतं बघणारा) व 'व्हर्बोज' (नावं दाखवणारा) हे पर्याय देऊन चालवा. जी नावं दिसतील ती इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.