फ्लूची साथ: घरात आधी काय करून ठेवायचं

सामानाची यादी नंतर, आधी आजाऱ्याची खोली ठरवा. पावसाळ्यात आपल्याकडे कोकणात वारा पश्चिमेकडून येतो. आजाऱ्याला पश्चिमेच्या खोलीत ठेवलंत की तिथली हवा सगळ्या घरात फिरते. म्हणून पूर्वेकडची, खिडकी असलेली खोली किंवा मागची पडवी बघा. सेवा एकानेच करावी, मास्क लावून. गरोदर बाई आणि म्हाताऱ्यांना त्या कामाला लावू नका.

दोन आठवड्यांचं धान्य पुरे. चौघांना साधारण १५ किलो तांदूळ, त्यात उकडा जास्त घ्या. तापात पेजेसारखं दुसरं काही उतरत नाही. सोबत कुळीथ, सोलं, मीठ, साखर. सुकटीवर भिस्त नको, आजाऱ्याला तो वास सोसत नाही.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घाला. ग्लासात अर्धं घालून अंदाजाने पाणी ओतलं की क्षारांचं प्रमाण चुकतं. उरलेलं २४ तासांनी ओतून टाका. तापाला पॅरासिटामॉल, मुलांना अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या हव्यातच.

ब्लीचिंग पावडरीची पोती कशाला? दमट हवेत तिचा जोर जातो. साबण पुरतो, फ्लूच्या विषाणूचं स्निग्ध आवरण त्याने फुटतं. मास्क मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा माणूस बरळायला लागला, तर काढे उकळत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. रात्री गाडी कोण काढणार, हे आत्ताच शेजाऱ्याशी बोलून ठेवा.