वाचकांचे प्रश्न : जुनी श्रेणी खरोखर पुसली जाते का?

प्रश्न : माझ्या मुलीचा जन्म अमेरिकेतला असल्यामुळे तिला तेथील नागरिकत्व आहे. पुण्यात बारावी करून ती जीवशास्त्राच्या पदवीसाठी तिकडे गेली. दोन वर्षांत ६० क्रेडिट पूर्ण झाली असून जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, ४ पैकी २.९ आहे. सेंद्रिय रसायनशास्त्रात तिला ‘सी’ मिळाला. तिला पुढे तेथेच वैद्यकीय महाविद्यालयात जायचे आहे. माझा तिकडे स्थायिक झालेला भाचा सांगतो, की विषय पुन्हा घेतला की जुनी श्रेणी पुसली जाते. कमी श्रेणीचे सगळे विषय तिने पुन्हा घ्यावेत का? सुटीत पुण्यात एखादा अभ्यासक्रम केलेला चालेल का?
– एक आई, सहकारनगर, पुणे

उत्तर : आपल्या भाच्याची माहिती खोटी नाही, पण ती जुनी आहे. ऑस्टिओपॅथिक (हाडे-स्नायूंवरील हस्तोपचारही शिकवणाऱ्या वैद्यकशाखेच्या), म्हणजे डीओ पदवी देणाऱ्या महाविद्यालयांच्या केंद्रीय अर्जसेवेत पूर्वी पुन्हा घेतलेल्या विषयाची नवी श्रेणीच धरली जात असे; २०१७ मध्ये ती सवलत बंद झाली. एमडी (आपल्या एमबीबीएससारखी तेथील मूळ वैद्यकीय पदवी) देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांचे अर्ज ज्या ॲमकॅस सेवेमार्फत जातात, तेथे एका विषयाचे सगळे प्रयत्न सरासरीत मोजले जातात. आपल्याकडे बारावीला श्रेणीसुधार योजनेत बसलेला विद्यार्थी अधिक गुणांची गुणपत्रिका पुढे करतो, तसे तिकडे करता येत नाही. तिचे विद्यापीठ स्वतःच्या हिशेबातून जुना ‘सी’ वगळत असेलही, परंतु प्रगतिपत्रकावर ती ओळ त्या सत्राच्या नावासह राहतेच आणि अर्जसेवा ती मोजते. चार क्रेडिटच्या विषयात आधी ‘सी’ (२.०) आणि नंतर ‘ए’ (४.०) मिळाला, तर आठ क्रेडिटची सरासरी ३.० धरली जाईल. एवढ्या कष्टांनंतर पदरात पडते ते ‘बी’च्याच तोलाचे.

म्हणून सगळे विषय पुन्हा घेण्याचा बेत सोडून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘डी’ किंवा ‘एफ’ असलेला आवश्यक विषय पुन्हा घेण्याला पर्याय नसतो, कारण अनेक महाविद्यालये ‘सी’च्या खालची श्रेणी ग्राह्य धरत नाहीत. ‘सी’ मिळालेला विषय मात्र पाया खरोखरच कच्चा राहिला असेल तरच पुन्हा घ्यावा. अन्यथा त्याच वेळात जीवरसायनशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्रासारखा वरच्या पातळीचा विषय घेऊन त्यात ‘ए’ मिळवणे अधिक उपयोगाचे ठरते, कारण सेंद्रिय रसायनशास्त्रात डळमळलेली विद्यार्थिनी त्याच्यावर उभ्या असलेल्या विषयात पुढे गेली, हे निवड करणाऱ्यांना त्यातून दिसते.

हिशेब मांडून पाहू. पहिल्या ६० क्रेडिटना २.९ आणि पुढच्या ६० क्रेडिटना ३.८ मिळाल्यास पदवीअखेर सरासरी ३.३५ होते. त्यानंतर पदवीपातळीचेच आणखी ३० क्रेडिटचे विज्ञानविषय ३.९ने पूर्ण केले, तर ती ३.४६वर जाते. एमडीला प्रवेश मिळवणाऱ्यांची सरासरी ३.८च्या आसपास असते हे पाहता हा आकडा तोकडाच, आणि तसे न सांगणे ही आपली फसवणूक ठरेल. मात्र शेवटच्या दोन-तीन वर्षांचा चढता आलेख स्वतंत्रपणे पाहिला जातो, शिवाय जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. त्यामुळे उरलेले विषय कोणते निवडले जातात याला मोठे महत्त्व आहे. डीओ महाविद्यालयांतील सरासरी काहीशी कमी असते आणि त्या पदवीने अमेरिकेत पूर्ण वैद्यकीय परवाना मिळतो, तेव्हा तो मार्ग दुय्यम समजू नये.

अर्जाची घाई ही मात्र हमखास नुकसान करते. अर्ज प्रवेशाच्या आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरले जातात. तिसरे वर्ष संपताच तो भरला, तर चौथ्या वर्षाच्या चांगल्या श्रेणी त्यात येतच नाहीत. आपल्या मुलीने पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करावा, नातेवाईक काहीही म्हणोत. एमकॅट ही प्रवेशपरीक्षादेखील (गुणकक्षा ४७२ ते ५२८) तयारी पूर्ण झाल्यावरच द्यावी, कारण वर्षातून तीन आणि आयुष्यात सात इतक्याच वेळा ती देता येते. वैद्यकीय प्रवेशासाठी म्हणून चालणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम खर्चिक असतात, आणि त्यांतील श्रेणी वेगळ्या दाखवल्या जात असल्याने पदवीचा जीपीए त्यांनी तसूभरही वाढत नाही. तो पर्याय अगदी शेवटी विचारात घ्यावा.

पुण्यातील महाविद्यालयात सुटीत मिळवलेले गुण ॲमकॅसच्या सरासरीत धरले जात नाहीत. सुटीत ती घरी आली तर विश्रांती घेऊ द्यावी, आणि मुळात श्रेणी का घसरल्या हे तिला शांतपणे विचारावे. एका सत्रात झेपणार नाहीत इतके विषय घेतले होते, की सोबत नोकरी होती, की काही दुखणे होते, यावर पुढची आखणी अवलंबून राहील.

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवीचे गुण वाढवले तर एमबीबीएसला प्रवेश मिळण्यास मदत होईल का?
– एक विद्यार्थी, हडपसर

उत्तर : नाही. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० गुणांवर ठरतो; पदवीच्या गुणांना त्यात स्थान नाही. वयाची कमाल मर्यादा सध्या नसल्यामुळे आपण आजही नीट देऊ शकता. मात्र बारावीची गुणपत्रिका काढून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांची एकत्रित टक्केवारी आधी तपासा. खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० टक्के आवश्यक आहेत. ती त्याहून कमी असेल तर श्रेणीसुधाराचा विचार बारावीसाठी करावा लागेल, आणि आपण त्यास पात्र आहात का, हे मंडळाच्या शिवाजीनगर येथील पुणे विभागीय कार्यालयात विचारून घ्यावे.