गाडीचं ॲव्हरेज १५ वरून ९ वर आलं, नेमकं काय तपासू?

तुमची सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, रोज कांदिवली ते लोअर परळ. आधी १५ मिळायचं, पावसाळ्यानंतर ९. गॅरेजवाल्याने इंजेक्टर क्लीनिंग केलं, प्लग बदलले, साडेचार हजार घेतले आणि फरक शून्य. मी मेकॅनिक नाही, पण मुलुंड-दादर करताना माझ्याही गाडीने असंच रडवलंय, म्हणून लिहितो.

आधी सांगा, हा ९ आला कुठून? हजाराचं टाकून काटा बघून काढला असेल तर सोडून द्या. टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झालं की थांबा. पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का’ विचारेल, त्याला नको म्हणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर, त्याच पद्धतीने भरा आणि मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर करा. असं तीनदा केल्याशिवाय गाडी कुणाच्या हातात देऊ नका.

दुसरं, ट्रॅफिक. एका बाजूचे २५ किलोमीटर धरले तर १५ च्या हिशोबाने १.७ लिटर लागतात. एसी लावून उभं असलेलं छोटं इंजिन तासाला पाऊण ते एक लिटर पितं. म्हणजे पूर्वीपेक्षा पाऊण तास जास्त उभे राहिलात की आणखी ०.७ लिटर गेलं, आणि काही न बिघडता ॲव्हरेज साडेदहावर आलं. तेव्हा किती वेळ लागायचा आणि आता किती, हे आठवणीवर सोडू नका, मोबाइलमधल्या मॅपची टाइमलाइन चालू असेल तर तिथे बघा. आणि एका रविवारी पहाटे टाकी भरून अहमदाबाद हायवेने मनोरपर्यंत जाऊन या, ७०-८० च्या वर न जाता. शंभरच्या वर किलोमीटर होतात. त्या रिकाम्या रस्त्यावर १८ च्या पुढे मिळालं तर गाडी ठणठणीत आहे, पेट्रोल वेस्टर्न एक्सप्रेस हायवे पितोय. तिथेही १२-१३ च आलं तर पुढे वाचा.

तुम्ही ‘पावसाळ्यानंतर’ म्हणालात, त्यावरून माझा पहिला संशय ब्रेकवर. माझ्या गाडीचं पुढचं डावं चाक धरत होतं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांची रबरी टोपी फाटली होती. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली, आत पाणी गेलं, पिना गंजून बसल्या. पेडल सोडलं तरी पॅड डिस्कला घासतच राहायचे. गाडी ओढत नाही असं वाटायचं, पण दोष मी क्लचला देत होतो! खूण समोरच होती: त्या एका रिमवर काळी धूळ बाकीच्या तिन्हींपेक्षा जास्त. तुम्ही असं करा. दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, शेवटी ब्रेक फार न मारता गाडी थांबवा आणि चारही रिमजवळ हाताची मागची बाजू न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एकच चाक गरम लागलं तर चोर सापडला. मागचं असेल तर हँडब्रेकची केबल बघायला सांगा. माझं काम पिना साफ करून, ग्रीस आणि नव्या टोप्या घालून आठशे रुपयांत झालं. त्याआधी घातलेले पैसे सांगत नाही.

ब्रेक ठीक निघाले तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. कधी गाडी तापल्यावर कुणी ‘आपल्याकडे एवढी गरमी, व्हॉल्व्ह हवाय कशाला’ म्हणत तो काढून टाकला होता का, हे आठवा. मुंबईत हा सल्ला फुकट मिळतो आणि महागात पडतो. थर्मोस्टॅट नसेल किंवा उघडा अडकला असेल तर इंजिन नीट तापतच नाही, आणि कंट्रोल युनिट (इंजिनचा कॉम्प्युटर) ते थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतं. गंमत म्हणजे ट्रॅफिकमध्ये तापमान बरोबर दिसतं, मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की पडतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटा नसतो, म्हणून ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर घ्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की मोबाइलवर आकडे येतात. कूलंट ८५-९५ अंशांच्या आसपास टिकायला हवं. हायवेवर ७० वर आलं तर थर्मोस्टॅट बदला.

त्याच स्क्रीनवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ बघा, म्हणजे कंट्रोल युनिट ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतंय. शून्याच्या पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतं. सतत अधिक १० च्या वर असेल तर कुठून तरी हवा शिरतेय, हवा मोजणारा सेन्सर मळलाय किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी आहे. उणे १० च्या खाली असेल तर इंजेक्टर गळतोय का ते बघायचं. हा आकडा न बघता केलेलं क्लीनिंग म्हणजे ताप न मोजता दिलेली गोळी.

टायरची हवा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरा. एअर फिल्टर मळला तर पिकअप जातो, आजच्या गाड्यांत ॲव्हरेज फारसं हलत नाही.

इथेनॉलचं कुणी सांगेलच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे २० टक्के मिश्रणाने ॲव्हरेज थोडं पडतंच. पण त्याने १५ चं १४ होईल, ९ नाही.

आणि गॅरेजमध्ये ‘ॲव्हरेज देत नाही’ असं म्हणू नका, पुन्हा क्लीनिंगच होईल. ‘हे चाक गरम होतंय, कॅलिपरच्या पिना काढून दाखवा’ म्हणा, आणि काढेपर्यंत तिथेच उभे राहा.