उणं काय आहे, ते आधी शोध

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारी वाचलं, संध्याकाळी पुन्हा वाचलं. परदेशप्रवासाच्या विमा पॉलिसीचं मराठी भाषांतर, त्यातली अपवादांची कलमं आणि तिसऱ्या पानाच्या समासात वरिष्ठांनी लाल शाईत मारलेला 'रेकलेस' (reckless) हा शेरा. पॉलिसीतही नेमका तोच शब्द अडलेला. शब्दकोशात त्याच्यापुढे निष्काळजी, बेफिकीर, बेदरकार, अविचारी, उतावळा असे पाच शब्द आहेत, त्यांतला कोणता घेऊ, असं तू विचारतेस. आणि अगदी शेवटी, सही करता करता सुचल्यासारखं, 'सर, मी खरंच तशी आहे का?'

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

पाचांतला एक उचलायचा, ही रीतच सोड. शब्द उघडून बघ. 'रेकलेस'च्या शेवटी 'लेस' आहे, म्हणजे काहीतरी उणं आहे. मग काय उणं आहे, हे विचारल्याशिवाय लेखणी उचलायचीच नाही. इथे उणं आहे ते 'रेक'. जुन्या इंग्रजीतलं हे क्रियापद: पर्वा करणं, दखल घेणं. हा जोडशब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही होता. डच भाषेत त्याचा भाऊ 'रूकलोस' आजही जवळजवळ याच अर्थाने नांदतो. जर्मनमधला 'रूखलोस' मात्र घसरत घसरत नीच, दुष्ट या अर्थापर्यंत गेला. पर्वा न करणाऱ्याला लोक शेवटी दुष्टच म्हणू लागतात, हे मला फार खरं वाटतं.

गंमत नाही, दुःख वाटतं ते याचं की इंग्रजीत 'रेक' वापरातून गेला आणि त्याचा अभाव सांगणारा शब्द तेवढा उरला. 'रूथलेस'चं तेच झालं, करुणा या अर्थाचा 'रूथ' गेला. शेक्सपिअरच्या काळी दोन्ही जिवंत होते. हॅम्लेटमध्ये ऑफेलिया भावाला सुनावते की, दुसऱ्याला काटेरी वाट दाखवून स्वतः फुलांच्या वाटेने जाणाऱ्या 'रेकलेस' माणसासारखा वागू नकोस, जो आपल्याच उपदेशाला 'रेक' करत नाही. एकाच दमात पर्वा आणि बेपर्वाई.

आणि तू पत्रात या शब्दाचं स्पेलिंग लिहिताना आरंभी डब्ल्यू घातलास! तो 'रेक' निराळा, फुटलेल्या जहाजाचा. तुझ्या स्पेलिंगप्रमाणे अर्थ होतो 'मोडतोड न झालेला'. ही चूक पुष्कळ इंग्रजही करतात, पण ते विम्याच्या पॉलिसीचं भाषांतर करायला बसलेले नसतात. काय उणं आहे हे एकदा पाहिलं असतंस, तर तो डब्ल्यू तुझ्या हातून उमटलाच नसता.

आता त्याच्या शेजारचे शब्द बघ. 'रॅश'चा जर्मन नातेवाईक 'राश', म्हणजे जलद. त्यात घाई आहे, आपला उतावळेपणा. 'निग्लिजंट' लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी चित्र आहे ते न उचलण्याचं, न निवडण्याचं: समोर पडलेली गोष्ट माणसाने उचललीच नाही. ती आपली हयगय. 'रेकलेस'मध्ये घाई असेलच असं नाही, विसरही नाही. धोका दिसतोय आणि त्याची पर्वा नाही. तू तिन्हींना 'निष्काळजीपणा' लिहून मोकळी झालीस. तुझ्या त्या पॉलिसीत हयगयीने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळते आणि 'रेकलेस' कृत्याची मिळत नाही, असं तूच लिहितेस. मग मुलाला भेटायला निघालेले सत्तरीचे आजोबा तुझं मराठी वाचतील, तेव्हा त्यांना पैसे मिळणार की नाही हे त्यांनी कशावरून ओळखायचं?

हा कीस मी उगाच काढत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी या एका शब्दापायी जवळजवळ पन्नास वर्षं घालवली. 1957 साली कनिंगहॅम नावाच्या माणसाचा खटला झाला. त्याने आतल्या पैशांसाठी तळघरातलं गॅस मीटर भिंतीतून उपटलं, गॅस शेजारच्या घरात शिरला आणि त्याची होणारी सासू गुदमरली. न्यायालयाने विचारलं, असं होऊ शकेल हे त्याच्या मनात आलं होतं का? ते ज्युरीपुढे नीट ठेवलंच गेलं नव्हतं, म्हणून शिक्षा रद्द झाली. 1981 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, कॉल्डवेल खटल्यात उलटी वाट धरली: धोका उघड असेल आणि माणसाने त्याचा विचारच केला नसेल, तरी तो 'रेकलेस'. म्हणजे हयगय आणि बेदरकारी यांच्यातलं कुंपणच काढून टाकलं. त्याचं फळ दोन पोरांना भोगावं लागलं. एक अकरा वर्षांचा, दुसरा बारा. न्यूपोर्ट पॅग्नेल गावातल्या एका दुकानामागे त्यांनी जुनी वर्तमानपत्रं पेटवली आणि कचऱ्याच्या डब्याखाली टाकून ती निघून गेली. काँक्रीटवर आपोआप विझतील, असं त्यांना वाटलं. आग दुकानात शिरली, सुमारे दहा लाख पौंडांचं नुकसान झालं. शहाण्या प्रौढाला जे दिसलं असतं त्या मापाने त्यांना दोषी धरलं गेलं. 2003 मध्ये लॉर्ड्सनी ते फिरवलं: धोका त्या माणसाला स्वतःला जाणवला पाहिजे, आणि तरीही अवाजवीपणे त्याने तो पत्करला पाहिजे. पोरांची सुटका झाली.

आपल्याकडे जुन्या दंडसंहितेच्या, कुणाच्या मृत्यूला कारण ठरण्याबद्दलच्या 304 अ कलमात 'रॅश' आणि 'निग्लिजंट' हे दोन शब्द होते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेच्या 106 व्या कलमातही तेच दोन आहेत. 'रेकलेस' तिथे नाही. पण मद्रास उच्च न्यायालयाने 1872 सालीच 'रॅश'ची फोड करून ठेवली आहे: परिणाम होऊ शकतो याची जाणीव आहे, होणार नाही अशी आशाही आहे, आणि तरी माणूस ते करतो. शब्द वेगळा, पण उणं काय आहे हे त्या न्यायमूर्तींनी बरोबर हेरलं होतं.

मराठीपुरतं सांगायचं तर 'रेकलेस'ला 'बेदरकार' लिही. तो तुला पोलिसी वाटतो, कारण अपघाताच्या बातमीत 'भरधाव' आणि 'बेदरकार' जोडीनेच येतात. पण त्याची बांधणी पाहा. 'बे' म्हणजे विना आणि 'दरकार' फारसीतून आलेला. हिंदीत अजून त्याचा अर्थ गरज असाच आहे. मराठीत तो पर्वा या अर्थाकडे वळला, आणि आज तोही जवळपास नकारापुरताच उरलाय: 'मला कुणाची दरकार नाही.' 'रेक'च्या वाट्याला जे आलं, तेच आपल्या 'दरकारी'च्या. दोन भाषांत दोन शब्द एकाच नशिबाचे निघावेत आणि तू त्यांच्यावरून 'निष्काळजी'चा बोळा फिरवावास, याचा मला राग येतो. 'साहसी' मात्र चुकूनही लिहू नकोस. मनुस्मृतीसारख्या स्मृतींमध्ये साहस हा अठरा व्यवहारपदांतला, म्हणजे खटल्याच्या विषयांतला एक, गुन्ह्याचा प्रकार होता, पण आजच्या वाचकाला त्यात शौर्यच दिसणार.

आता माझं. तुला हे कधी सांगितलं नाही.

कोर्टाच्या भाषांतराला लागून मला चार वर्षं झाली असतील. एका ट्रक ड्रायव्हरचा जबाब इंग्रजीत करायचा होता. तो म्हणाला होता, 'साहेब, माझी हयगय झाली, मला ती बाई दिसलीच नाही.' मी 'रेकलेस' लिहिलं. कागद वर गेले. दोन दिवसांनी जेवताना माझ्या लक्षात आलं की, न दिसणं आणि दिसूनही पर्वा न करणं यांतला फरक मी पुसून टाकलाय, आणि तो माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घातलंय. मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, 'राहू दे, अर्थ पोचतो.' मी राहू दिलं. पहिल्या दिवशी माझी हयगय झाली होती, तिला मी क्षमा करू शकतो. तिसऱ्या दिवशी मला कळलं होतं. त्या दिवसापासून मी बेदरकार होतो. त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं याची चौकशी करायचं धाडसही मला झालं नाही.

त्यानंतर मी एकेका शब्दासाठी फायली अडवल्या. कामाला उशीर करणारा म्हणून माझं नाव झालं, बढती दोनदा हुकली, घरातही बोलणी खाल्ली. ते मला मान्य आहे. पण अडवलेल्या एकाही कागदाचा मला पश्चात्ताप नाही, आणि तुझ्या पिढीने याला हेकेखोरपणा म्हटलं तरी चालेल.

तू लिहितेस की दोन कलमांना एकच शब्द वापरताना रात्री मनात शंका आली होती, पण सकाळी द्यायचं होतं म्हणून पाठवून दिलंस. मग तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलं आहेस. तो शेरा तुझ्या स्वभावावर नाही. त्या रात्रीपुरता मात्र तो अचूक आहे, आणि शेरा मारणाऱ्याने शब्द जाणून वापरलाय. रडू नकोस. शंका तुला येते, हे मी गेली दोन वर्षं पाहतोय आणि त्याच भरवशावर इतकं कडक लिहितोय. ज्यांना ती येतच नाही, त्यांना मी पत्रं लिहीत नाही.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1786 मध्ये एका तरुण मित्राला पद्यात पत्र लिहिलं. त्याच्या शेवटी तो म्हणतो की, सल्ला देणाऱ्याने जेवढा पाळला त्याहून तू तो अधिक पाळ. तिथे त्याने क्रियापद वापरलंय ते 'रेक'च. काल रात्री ते पान काढून बराच वेळ बसलो होतो.

सोमवारी सुधारित मसुदा द्यायचाय ना? अपवादांचं कलम पुन्हा उघड. जिथे जिथे 'निष्काळजी' आहे, तिथे मूळ इंग्रजी शब्द पेन्सिलीने वर लिही आणि त्याखाली त्यात उणं काय आहे ते एका ओळीत. मग ती पानं मला पाठव, रविवारी रात्री उशिरा आली तरी चालतील. मी जागा असेन.

तुझा,
सर